कांटेरी पाहुण्याचें पथ्यपाणी

चाळीस वर्षांपूर्वीं मी रत्नागिरी जिल्ह्यांतील एका समुद्रकांठच्या गांवीं शिक्षक होतों. ओहोटीच्या वेळीं मुलांस खडकांवर फिरावयास नेण्याचा आमच्या शाळेचा परिपाठ असे. अशाच एका फेरींत एका मुलाचा पाय खडकाच्या खळग्यांतील एका काळ्या गोळ्यावर पडला आणि तळपायांत सातआठ कांटे मोडून राहिले. मी सुईनें ते कांटे काढीत असतां तो रडत रडत विचारीत होता, "गुरुजी, हें झाड कीं जनावर?" माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि पुढें पाठशाळेंतील, कौमुदींत याचें उत्तर नव्हतें. "जनावर असावें," असें सांगून मीं वेळ मारून नेली.

खरें उत्तर मिळालें तें इतक्या वर्षांनीं, घरांतल्याच एका मुलाकडून. माझ्या कैलासवासी थोरल्या बंधूंचा नातू मत्स्यशास्त्राचें शिक्षण घेऊन उत्तर नॉर्वेमधील एका संशोधनकेंद्रांत कामास लागला आहे; आणि त्याचें काम एका वाक्यांत सांगावयाचें तर याच कांटेरी गोळ्यांना जेवूं घालणें हें होय. ही वार्ता घरीं कळली तेव्हां आमच्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आजीनें, मला माजघरांतून हांक मारून विचारलें, "अहो भावोजी, हा तिकडे त्या गोळ्यांना पोटभर जेवूं घालतो आणि मग ते गोळे कापून लोक खातात म्हणे. हें कसलें अन्नदान?" मला याहि प्रश्नाचें उत्तर येत नव्हतें. म्हणून मीं चिरंजीवांस चारपांच महिने प्रश्न विचारून भंडावून सोडलें. त्याच्या पत्रांतून व त्यानें वाचावयास धाडलेल्या मजकुरांतून जें उमगलें तें या अंकीं वाचकांपुढें ठेवितों. आपल्यापैकीं बहुतेकांच्या पानांत हा पदार्थ कधींहि पडणार नाहीं हें मी जाणून आहें. तथापि कोणास काय, किती व केव्हां वाढावें हा प्रश्न ज्या घरांत रोज दोन वेळां सोडवावा लागतो, तेथील माणसांस यांत गोडी वाटल्यावांचून राहणार नाहीं.

प्रथम प्राण्याची ओळख. इंग्रजींत याला 'सी अर्चिन' म्हणतात. अर्चिन हा जुन्या इंग्रजींत कांटेरी अंगाच्या एका लहान चतुष्पादाचा वाचक शब्द. म्हणजे आपल्या शल्यकाचा दूरचा सोयरा. (स्मृतिकारांनीं ज्या मोजक्या पंचनखांना भक्ष्य ठरविलें त्यांत शल्यक आहे, पण त्यावरून या सागरी शल्यकास कोणी शास्त्राधार काढूं नये, कारण यास नख मुळींच नाहीं.) बाहेरून कांटे, त्यांच्या आंत चुन्याचें गोल कवच, आणि कवचाच्या आंत सर्व कांहीं पांच-पांच. तोंड खालच्या बाजूस व मलद्वार वर, डोक्याच्या जागीं. तोंडांत पांच दांत असून ते एका गुंतागुंतीच्या सांगाड्यांत बसविलेले असतात. ॲरिस्टॉटलनें आपल्या प्राणिवर्णनाच्या ग्रंथांत या प्राण्याच्या रचनेस कंदिलाची उपमा दिली, म्हणून या जबड्यास आजहि 'ॲरिस्टॉटलचा कंदील' असेंच म्हणतात. हे दांत झिजतात तसे वाढत जातात व आपोआप धार धरतात. कांट्यांच्या मधून शेंकडों मऊ नलिकापाद बाहेर येतात. त्यांच्या टोकांशीं चिकटण्याची सोय असते, आणि त्यांनींच तो चालतो, भिंतीस चिकटतो व अन्नाचा तुकडा धरून तोंडाकडे नेतो.

कवच फोडिलें असतां आंत पिंवळ्या-नारिंगी रंगाच्या पांच पाकळ्या दिसतात. जपानांत 'उनि' म्हणून ज्याला मोठी किंमत पडते तो पदार्थ हाच. या पाकळ्या म्हणजे अर्चिनाच्या प्रजननग्रंथी. नराच्या व मादीच्या दोघांच्याहि खातात. परंतु या ग्रंथी केवळ प्रजननासाठीं नसून अन्नाचें कोठारहि असतात, आणि या एका गोष्टींत सर्व धंद्याचें मर्म आहे. खावयास मिळालें कीं अर्चिन तें या कोठारांत सांठवितो. उपास पडला कीं त्यांतूनच काढून खातो. अन्न नाहीं म्हणून तो लवकर मरत नाहीं. कोठार रितें करून तो खडकास चिकटून वर्षेंच्या वर्षें काढूं शकतो.

असे रित्या पोटाचे अर्चिन आज समुद्रांत अगणित आहेत. थंड समुद्रांत 'केल्प' नांवाचीं तपकिरी सागरशैवालें पुरुषभर आणि त्याहूनहि उंच वाढून पाण्याखालीं अरण्य करतात. त्या अरण्याच्या आश्रयानें मासे, शिंपले, खेकडे राहतात. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर १९७० च्या सुमारापासून हिरव्या अर्चिनांची संख्या इतकी वाढली कीं त्यांनीं हीं अरण्यें मुळापासून खाऊन टाकलीं. उत्तर कॅलिफोर्नियांत तेंच झालें, पण अधिक झपाट्यानें: २०१३ पासून अर्चिनांस खाणाऱ्या मोठ्या ताराप्राण्यांत एक रोग पसरला, २०१४ ते २०१६ पर्यंत समुद्र नेहमींपेक्षां ऊन राहिला, आणि तेथील केल्पपैकीं शंभरांत नव्वदांहून अधिक भाग नाहींसा झाला. मागें उरले ते उघडे खडक आणि त्यांवर दाटीनें बसलेले उपाशी अर्चिन. त्यांच्या आंत पाण्याखेरीज फारसें कांहीं नसल्यामुळें कोळी त्यांना उचलीत नाहींत. एखादें कोंवळें रोप उगवलें कीं ते त्यावर तुटून पडतात, म्हणून अरण्यहि पुन्हां वाढत नाहीं.

येथें चिरंजीवांच्या धंद्याचा उगम आहे. हे रिते अर्चिन खडकावरून उचलावे, जमिनीवरील कुंडांत ठेवावे, दहाबारा आठवडे चांगलें खावयास घालावें, आणि पाकळ्या भरल्या कीं विकावे. विकणाराला पैका मिळावा व खडक मोकळा होऊन केल्पला श्वास घेतां यावा, असा दुहेरी हेतु. शरीराच्या वजनांत या पाकळ्यांचा वांटा शंभरांत किती, यावरून अर्चिनाची भरती मोजतात. उपाशी अर्चिनांत तो तीनचार भाग किंवा त्याहूनहि कमी भरतो. पंधराच्या आसपास गेला म्हणजे माल विक्रीस योग्य.

आतां कुंडांविषयीं. समुद्राचें पाणी एका बाजूनें घेऊन दुसऱ्या बाजूनें सोडून देणें ही जुनी पद्धत. चिरंजीव जेथें काम करतो तेथें पुनराभिसरणाची पद्धत आहे. म्हणजे कुंडांतून बाहेर पडलेलें पाणी गाळून, शुद्ध करून, थंड करून, त्यांत हवा खेळवून तेंच परत कुंडांत आणावयाचें. रोज घालावयाचें नवें पाणी एकंदराच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी. यामुळें उष्णमान ताब्यांत राहतें, समुद्रांतील रोग आंत येत नाहींत, आणि किनाऱ्यापासून दूरहि असा कारखाना काढतां येतो. मात्र एक अडचण या सर्व सोयींना पुरून उरते. वाहत्या नदीच्या कांठीं राहणाऱ्याचें उष्टें नदी वाहून नेते. येथें नेणारें कोणी नाहीं. जें पाण्यांत पडेल तें परत आपल्याच दारीं येतें.

अर्चिन प्रथिन खातो आणि त्यांतील नको तें नत्र अमोनियाच्या रूपानें पाण्यांत सोडतो. अमोनिया म्हणजे विष. गाळणीनें मळ अडतो, अमोनिया अडत नाहीं. त्यासाठीं सूक्ष्म जंतूंची योजना करावी लागते. कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट, आणि हें शेवटचें रूप बरेंच निरुपद्रवी असतें. जमिनींतील हे जंतु रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यानें १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. त्यांचेच समुद्रांतील भाऊबंद या कारखान्यांत प्लॅस्टिकच्या हजारों लहान चकत्यांवर वस्ती करून असतात. ही वस्ती एका रात्रींत होत नाहीं, कित्येक आठवडे लागतात. म्हणून जुन्या टांकींतील कांहीं चकत्या नव्या टांकींत टाकतात. वहिनींना मीं हें सांगतांच त्या म्हणाल्या, "म्हणजे विरजणच कीं!" याहून नेमका शब्द मला सुचला नसता.

हे जंतु काम करतांना पाण्यांतील क्षार खर्ची पडतो व पाणी आंबटपणाकडे झुकतें. अर्चिनाचें कवच चुन्याचें. आंबट पाण्यांत तें घडणें कठीण. यावर उपाय म्हणून पाण्यांत सोडा घालतात, तो आपल्या स्वयंपाकघरांतला खाण्याचा सोडाच. अमोनियाचें गणित असें विचित्र आहे कीं पाणी ऊन झालें किंवा क्षाराकडे फार झुकलें तर तो अधिक विषारी होतो, म्हणून सोडाहि मापानेंच.

हें सर्व चिरंजीवांस पुस्तकांतून ठाऊक होतें. खरें शिक्षण त्याला गेल्या वर्षीं ईस्टरच्या सुटींत मिळालें, आणि तें त्यानें मला लिहावयास दोन महिने लावले. सुटीचे चार दिवस केंद्रावर फारसें कोणी नसणार. तेव्हां प्राणी उपाशी राहूं नयेत म्हणून यानें जातांना प्रत्येक कुंडांत दुप्पट खाद्य घातलें. आमच्या घरचे संस्कार. पाहुण्याच्या पानांत आग्रहानें एक लाडू अधिक टाकल्याशिवाय आम्हांस समाधान नाहीं. अर्चिन मात्र आग्रहाला बळी पडणारा प्राणी नव्हे. तो सावकाश खातो. कोरडें खाद्य म्हटलें तर दिवसाला त्याच्या वजनाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, पुष्कळदां त्याहूनहि कमी. बाकीचें खाद्य तळाशीं फुगलें, त्यावर पांढरा बुळबुळीत थर आला, तें कुजलें. पाणी सर्व कुंडांचें एकच. चौथ्या दिवशीं परत येऊन पाहतो तों पाणी गढूळ, अमोनिया व नायट्राइट चढलेले, कांहीं अर्चिन भिंतीवरून सुटून तळाशीं पडलेले, कांट्यांचा ताठा गेलेला, कित्येकांचे कांटे गळून नुसतीं कवचें उघडीं पडलेलीं. एका रांगेंतील निम्मे प्राणी त्या आठवड्यांत गेले. त्यांत सात आठवडे पथ्यावर ठेवून हळूहळू भरत आणलेले होते. त्याच्या वरिष्ठांनीं त्याला एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं. मेलेले प्राणी एकेक करून वजन करून वहींत मांडावयास मात्र लावले. "आजोबा, ते रागावले असते तर बरें झालें असतें," असें त्यानें लिहिलें आहे.

तेव्हांपासून त्याचा पहिला धडा उष्टें मोजण्याचा. वाढण्यापूर्वीं आदल्या खेपेचे उरलेले तुकडे नळीनें ओढून काढावयाचे, वाळवून वजन करावयाचे, आणि तेवढें नव्या वाढपांतून कमी करावयाचें. अर्चिनाची विष्ठा बारीक गोळ्यांच्या रूपानें पडते व त्यांवर बुळबुळीत आवरण असल्यामुळें त्या कांहीं काळ अखंड राहतात. त्या विरघळण्यापूर्वींच काढल्या तर अर्धें काम झालें. रोज वाढण्याचीहि गरज नसते. दोनतीन दिवसांआड चालतें.

यावरून खाद्याचें रूप कसें असावें हेंहि ठरतें. मासे वरून पडणारा दाणा चटकन गिळतात. अर्चिनाला तो तुकडा शोधून, नलिकापादांनीं धरून, दांतांनीं खरवडून खावयाचा असतो, आणि यांत तास नव्हे तर कधीं कधीं दिवस जातात. तोंवर तुकडा पाण्यांत विरघळतां कामा नये. म्हणून पिठांत बांधणारें द्रव्य घालतात: जिलेटिन, किंवा केल्पमधूनच निघणारें अल्जिनेट, किंवा आपण ज्याला चायना ग्रास म्हणतों तें अगर. घाटहि गोल दाण्याचा ठेवण्यापेक्षां चपटा ठेवतात, म्हणजे धरावयास सोपा. शिवाय बरेच अर्चिन भिंतीस चिकटलेले असतात आणि खाद्य जातें तळाशीं. तेव्हां कुंड उथळ करावें लागतें, नाहींतर पंक्तींत बसून कांहीं उपाशीच राहतात.

पिठांत काय घालावें याविषयीं शास्त्रज्ञांत पुष्कळ काम झालें आहे आणि तें वाचतांना मला वैद्यकांतील पथ्यापथ्याची आठवण झाली. प्रथिन वाढविलें कीं पाकळ्या लवकर फुगतात. पण एका मर्यादेपुढें फुगावयाच्या थांबतात आणि जादा नत्र अमोनिया होऊन पाण्यांत उतरतें. एवढ्यावर भागत नाहीं. फार प्रथिनावर वाढलेल्या पाकळ्या मोठ्या दिसल्या तरी कडू लागतात. पाकळ्यांची चव त्यांतील सुट्या अमिनो आम्लांवर ठरते: ग्लायसिन व ॲलनिन गोडी देतात, व्हॅलिन कडवटपणा देतें, ग्लुटामिक आम्ल एक निराळाच भरीव रस देतें. जपानी शास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यानें १९०८ सालीं हा रस केल्पच्याच जातीच्या 'कोंबू' नांवाच्या शैवालापासून वेगळा काढला व त्याला 'उमामि' हें नांव दिलें. आपल्या षड्रसांत तो बसवावा कीं सातवा मानावा हा वाद पंडितांनीं घालावा. व्यवहारांत असें करतात कीं आरंभीं तयार खाद्यावर पाकळ्या भरून घ्यावयाच्या आणि शेवटचे कांहीं आठवडे ताजें केल्प घालावयाचें, म्हणजे कडवटपणा उतरतो.

रंगाचेंहि तसेंच. पाकळी फिकी निघाली तर ग्राहक हात लावीत नाहीं. गाजराला जो रंगपदार्थ रंग देतो तोच बीटा-कॅरोटिन अर्चिनाला खाद्यांतून लागतो. त्यापासून तो स्वतःच्या शरीरांत एकिनेनोन नांवाचा नारिंगी पदार्थ तयार करतो. म्हणून पिठांत सुकें शैवाल, किंवा मिठागरांसारख्या खाऱ्या पाण्यांत वाढणारी डुनालिएला नांवाची सूक्ष्म वनस्पति मिसळतात.

आणखी एक गोष्ट खाद्याची नसून उजेडाची आहे, परंतु खाद्याचें चीज तिच्यावर अवलंबून असतें. कोठार भरलें कीं अर्चिन त्यांतील सांठा अंडीं व रेत करण्यांत खर्च करूं लागतो. मग पाकळी सैल पडते व पाझरते, आणि बाजारांत कुचकामाची ठरते. हें केव्हां सुरू करावें हें तो दिवसाच्या लांबीवरून ओळखतो. दिवस लहान होऊं लागले कीं त्याची तयारी सुरू. म्हणून कोठ्यांत दिवे लावून त्याला सदां मोठ्या दिवसांत ठेवतात. जेथें हिंवाळ्यांत कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाहीं, त्या उत्तर नॉर्वेंत हे प्राणी कृत्रिम उत्तरायणांत राहतात ही मला मोठी मौज वाटली.

केल्प खाऊन फस्त करणारा प्राणी पोसावयास केल्पच तोडून आणावयाचें, किंवा माशांची भुकटी घालावयाची, यांत कोणता शहाणपणा, हा माझा सर्वांत मोठा आक्षेप होता आणि मीं तो स्पष्ट लिहिला. चिरंजीवांनीं तो मान्य केला. जो कारखाना समुद्रास मोकळें करण्याच्या नांवावर समुद्रालाच लुटील त्याला अर्थ नाहीं, असें त्याचेंहि मत आहे. पण त्यानें दोन उदाहरणें पाठविलीं. जपानांतील कानागावा प्रांताच्या मत्स्यसंशोधन केंद्रानें २०१० नंतरच्या दशकांत उपाशी अर्चिनांना कोबीचीं पानें घालून पाहिलीं. मिउरा द्वीपकल्पांत कोबी फार पिकतो व डागी, वांकडा असा पुष्कळ माल विक्रीस जात नाहीं. अर्चिनांनीं तो आवडीनें खाल्ला, पाकळ्या भरल्या आणि चवीस गोडसर निघाल्या. दुसरें उदाहरण दक्षिण आफ्रिकेचें. तेथें जमिनीवरील सागरी शेतांतून निघणाऱ्या मळकट पाण्यावर 'उल्वा' नांवाचें हिरवें, पातळ पानासारखें शैवाल वाढवितात. तें पाण्यांतील अमोनिया शोषून घेतें, आणि तेंच प्राण्यांच्या पोटांत जातें. अर्चिनाच्या तयार पिठांत थोडें सुकें उल्वा मिसळलें तरी तो तें अधिक आवडीनें खातो, असें तेथील प्रयोगांत दिसलें. हें उल्वा आपल्या वाचकांपैकीं कोंकणांतल्यांनीं पाहिलें आहे. ओहोटींत खडकांवर हिरव्या रेशमी चिंध्यांसारखें जें पसरलेलें असतें व ज्यावरून पाय घसरतो, तें तेंच. चिरंजीवांनीं आपल्या केंद्रांत या महिन्यांत त्याच्या दोन टांक्या सुरू केल्या आहेत; फळ काय मिळालें तें बारा आठवड्यांनीं समजेल.

आतां वहिनींचा प्रश्न. तो मीं जसाच्या तसा लिहून धाडला होता. त्याच्या उत्तरांत आढेवेढे नव्हते: "आजीस सांगा, मी त्यांना मारण्यासाठींच पोसतों, हें खरें आहे, दुसरें कांहीं सांगून मी तिला फसवणार नाहीं. पण ते खडकावर राहिले तर स्वतःहि धड जगत नाहींत आणि इतर शंभर प्राण्यांचें घर उगवूं देत नाहींत, हेंहि तिला सांगा." मीं तें वाचून दाखविलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. हातांतल्या वाती वळीत राहिल्या. आमच्या घरांत यावर एकमत झालेलें नाहीं आणि होईल असेंहि दिसत नाहीं. धाकटी सून म्हणते कीं आपण दूध पितों तें वासराच्या वांट्याचेंच. वहिनींना हा युक्तिवाद मुळींच पसंत नाहीं.

परवां रविवारीं त्याचा फोन आला तेव्हां मात्र त्यांनींच माझ्या हातून यंत्र घेतलें व विचारलें, "बाळ, आतां पुन्हां सुटी येईल तेव्हां त्यांच्या जेवणाचें काय करणार आहेस?"

"कांहीं नाहीं, आजी. चार दिवस उपाशी ठेवणार. त्यानें त्यांचें कांहीं बिघडत नाहीं, पाणी स्वच्छ राहतें."

"मग एकादशी म्हण कीं," असें म्हणून वहिनींनीं फोन माझ्याकडे दिला आणि त्या देवघरांत गेल्या.